दीड-दोन किलोचं बाळ घरी आणताना : आधी ऊब, मग दूध, मग बाकी सगळं

दीड-पावणेदोन किलोचं बाळ काचेच्या पेटीतून घरी जातं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी परत येतं. परत आणणाऱ्यांचं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं. "सिस्टर, बाळ तर शांत होतं हो. त्रासच देत नव्हतं."

नवजात अतिदक्षता कक्षात काम करताना मला सगळ्यात जास्त धास्ती या वाक्याची वाटते. पूर्ण दिवसांचं बाळ भूक लागली की घर डोक्यावर घेतं. कमी दिवसांचं बाळ तसं करत नाही. ते गार पडलं की अंग तापवण्यात साखर खर्च करतं, साखर उतरली की सुस्तावतं, सुस्तावलं की पीत नाही आणि प्यायलं नाही की आणखी गार पडतं. हे सगळं आवाज न करता होतं. घरच्यांना वाटतं, किती गुणी बाळ आहे.

म्हणून पुढच्या टप्प्यांचा क्रम मोडू नका. आधी ऊब, मग दूध, मग स्वच्छता. बारसं, मालिश, दृष्ट, फोटो या गोष्टी थांबू शकतात.

हे मार्गदर्शन ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या, आणि डॉक्टरांनी घरी सोडलेल्या बाळांसाठी आहे. बाळ नळीनं दूध घेत असेल किंवा घरी ऑक्सिजन लागणार असेल, तर कक्षातून मिळालेल्या वेगळ्या सूचना पाळा.

टप्पा १ : सुट्टीआधीचे दोन दिवस

"वजन किती झालं की सोडणार?" हा प्रश्न सगळे विचारतात, पण नुसत्या वजनावर सुट्टी होत नाही. वॉर्मरशिवाय अंग गरम राहतंय का, सलग तीन दिवस वजन वाढतंय का, न दमता दूध पितंय का आणि आईला सगळं हातानं जमतंय का, हे बघितलं जातं. यातलं शेवटचं तुमच्या हातात आहे.

या दोन दिवसांत लंगोट बदलण्यापासून दूध पाजण्यापर्यंत सगळं आईनंच करायचं. सिस्टर बाजूला उभी राहून चुकलं तिथं सांगेल. आईबरोबर दुसरं कुणीतरी, आजी, मावशी किंवा बाळाचे बाबा, हेच सगळं शिकून घेऊ द्या. बाळंतीण बाई दिवसाचे चोवीस तास एकटी हे ओढू शकत नाही. तिला झोप मिळाली नाही की पहिला फटका दुधाला बसतो.

निघण्याआधी कार्डावर या गोष्टी लिहून घ्या :

१. जन्म कितव्या आठवड्यात झाला, जन्माचं वजन आणि आजचं वजन.
२. एका वेळी किती मिली दूध, किती तासांनी.
३. प्रत्येक औषधाचे थेंब किती मिली आणि किती दिवस.
४. डोळ्यांच्या तपासणीची तारीख आणि ठिकाण.
५. कानांची तपासणी झाली की राहिली.
६. पुढच्या भेटीची तारीख आणि रात्री-अपरात्री लावायचा फोन नंबर.

थेंबांपाशी जरा थांबा. ड जीवनसत्त्वाचे थेंब बहुतेक सगळ्या बाळांना असतात, रोज ४०० युनिट. पण बाजारातल्या सगळ्या बाटल्या एका ताकदीच्या नसतात. एकीत १ मिलीला ४०० युनिट, दुसरीत ८०० आणि काही बाटल्यांत एका थेंबात ४००. कार्डावर "१ मिली" लिहिलेलं असतं आणि दुकानदार दुसऱ्या कंपनीची बाटली देतो. मग बाळाला दुप्पट किंवा त्याहून कितीतरी जास्त औषध जातं. औषध आधीच विकत आणा, बाटली सिस्टरच्या हातात द्या, ड्रॉपर भरून कुठल्या रेघेपर्यंत ते बघून घ्या आणि त्या रेघेवर नेलपॉलिशनं खूण करा. लोहाच्या थेंबांचंही तेच. ते सहसा दोन आठवड्यांनंतर सुरू होतात आणि वजनाप्रमाणे बदलतात.

> तपासा : कार्ड न बघता आई या सहाही गोष्टी सांगू शकते का? नसेल जमत तर पुन्हा विचारा. तिसऱ्यांदा विचारलं तरी कुणी रागावत नाही. रागावलंच तर रागावू दे.

टप्पा २ : खोली

बाळ घरी यायच्या आदल्या दिवशी खोली तयार हवी.

खोलीचं तापमान २६ ते २८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. मोजायला काही नसेल तर साधी खूण अशी की पूर्ण बाह्यांचे कपडे घातलेल्या मोठ्या माणसाला खोलीत किंचित उकडलं पाहिजे. पंख्याचा झोत, एसी, खिडकीची फट यांच्या रेषेत बाळाचं अंथरूण नको.

ऊब हवी म्हणून शेगडी मात्र आणू नका. ओवा-शोपांची धुरी, कापूर, उदबत्ती, डासांची कॉइल यांतलं काहीही त्या खोलीत नको. या बाळाची फुप्फुसं अजून पुरती तयार झालेली नसतात. आजींना हे पटवणं अवघड जातं, मला माहीत आहे. "आमची सगळी धुरीतच वाढली" हे त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण ती तीन किलोची होती.

बाळंतिणीच्या खोलीत अंधार आणि एक पिवळा बल्ब हीसुद्धा नेहमीची चूक. त्या उजेडात कावीळ दिसत नाही आणि ओठ निळे झालेलेही कळत नाहीत. एक पांढरा दिवा लावा.

जवळ असू द्या : चार-पाच टोपडी, पुढून उघडणारी सुती झबली, मऊ लंगोट, मोजे, जुन्या सुती साडीची दुपटी, सेकंद काटा असलेलं घड्याळ, दोन बोंडली (दूध पाजायच्या चोचीच्या लहान वाट्या) किंवा स्टीलच्या वाट्या-चमचे, आणि डिजिटल थर्मामीटर. पाऱ्याचं थर्मामीटर ३५ अंशांच्या खालचं दाखवतच नाही, त्यामुळे बाळ किती गार पडलंय हे त्यावर कळणार नाही.

पाळण्याची झोळी सध्या बाजूला ठेवा. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दुमडते. राईची उशीही नको. बाळ वेगळं झोपवायची वेळ आली तर सपाट, घट्ट अंथरुणावर, पाठीवर, उशीशिवाय.

टप्पा ३ : दवाखाना ते घर

निघायच्या अर्धा तास आधी पाजा. लंगोट कोरडा करा. बाळ आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधा आणि वरून शाल घ्या. चार दुपट्यांत गुंडाळून आजीच्या हातात दिलेलं बाळ तासाभरात गार होऊ शकतं, कारण दुपटी ऊब टिकवतात, तयार करत नाहीत. आईचं अंग ती तयार करतं.

दुचाकी नको. सरकारी रुग्णालयातून सुट्टी झाली असेल तर घरी सोडायला गाडी मोफत मिळते, १०२ नंबरच्या गाडीबद्दल कक्षातच विचारा. वाटेत देवळात, माहेरच्या गल्लीत, कुठंही थांबू नका.

> तपासा : घरी पोचल्यावर पहिलं काम, हात चोळून गरम करा आणि हाताच्या मागच्या बाजूनं आधी बाळाचं पोट, मग तळपाय बघा. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट गरम आणि पाय गार, म्हणजे बाळ गारठायला लागलंय, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार, म्हणजे बाळ संकटात आहे. छातीशी घेऊन दवाखान्याची तयारी करा.

ही पोट-पाय तपासणी पाठ करून ठेवा. पुढे रोज लागणार आहे.

टप्पा ४ : छातीशी धरणं, म्हणजे केएमसी

कांगारू मदर केअर हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण घरी ते होतं ते दिवसातून पंधरा मिनिटं, झबलं घालून, टीव्ही बघताना. त्याचा उपयोग नाही. एका बैठकीला निदान एक तास हवा, कारण बाळ काढ-घाल करण्यानंच दमतं. दिवसभरात जितकं जमेल तितकं. जागतिक आरोग्य संघटना ८ ते २४ तास म्हणते. आठ तास ऐकून दडपण येतं, पण रात्रीची झोप धरली तर ते जमतं.

क्रम असा :

१. आईनं लघवीला जाऊन, पाणी पिऊन, हात धुऊन बसायचं. पुढून उघडणारा गाऊन किंवा ब्लाउज. आतले कपडे काढायचे.

२. बाळाच्या अंगावर टोपडं, मोजे आणि कोरडा लंगोट, एवढंच. झबलं नाही. लंगोट ओला असेल तर सगळी मेहनत वाया जाते.

३. बाळ दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं ठेवायचं. एक हात मानेमागे, एक ढुंगणाखाली.

४. डोकं एका बाजूला वळवायचं आणि हनुवटी जराशी वर. नाक मोकळं दिसलं पाहिजे. मान पुढं झुकली तर श्वास अडतो, फार मागं गेली तरी अडतो.

५. पाय बेडकासारखे दुमडून बाहेर, हात कोपरात दुमडलेले. बाळाचं पोट आईच्या छातीखाली, पोटाच्या वरच्या भागाशी.

६. आता सुती ओढणी किंवा जुन्या साडीचा पट्टा बाळाच्या कानाखालपासून ढुंगणाखालपर्यंत नीट बांधायचा. छातीवर घट्ट, पोटावर थोडा सैल, कारण ही बाळं पोटानं श्वास घेतात.

७. आईनं पाठीला उशा लावून अर्धवट रेलून बसायचं. झोपायचं तेही तसंच, सपाट नाही.

पट्टा नीट बसला का हे बघायची एक युक्ती आहे. उभं राहा आणि हात सोडा. बाळ खाली सरकलं, तर पुन्हा बांधा.

> इशारा : पट्टा न बांधता, नुसतं हातावर धरून डुलकी लागू देऊ नका. आणि दर दहा मिनिटांनी नजर बाळाच्या चेहऱ्याकडे, नाक आणि रंग.

आई दमली की बाबांनी घ्यायचं, आजीनं घ्यायचं. छातीवरचे केस काढायची गरज नाही. ताप, खोकला किंवा त्वचेला संसर्ग असलेल्या माणसानं मात्र नाही.

एक ऊसतोड कुटुंब आठवतं. सुट्टी द्यायची तर घर म्हणजे फडाशेजारची कोपी. दार नाही, खोलीचं तापमान वगैरे बोलायची सोय नाही. आम्ही सगळेच जरा घाबरत सोडलं. आई आणि आजीनं वाटून घेतलं, दिवसा आजी, संध्याकाळी आई आणि रात्री बाप. आठवड्यानं आले तेव्हा बाळ आजीच्या चोळीत बांधलेलं होतं आणि वजन जवळजवळ दोनशे ग्रॅमनं वाढलेलं. त्याच आठवड्यात पक्क्या घरातलं, रूम हीटर लावलेलं एक बाळ गारठून परत आलं होतं. ते दिवसभर पलंगावर एकटं झोपलेलं असायचं.

केएमसी कधी थांबवायची? वजन अडीच किलो झालं किंवा मूळ प्रसूतीची तारीख उलटली की बाळच सांगतं. हात बाहेर काढतं, वळवळतं, परत आत घातलं तर रडतं. मग बंद करा.

टप्पा ५ : दूध

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश वाचा.

*काढणं.* बाळ अजून पूर्ण अंगावर पीत नसेल तर २४ तासांत आठ वेळा दूध काढायचं, त्यात रात्री निदान एकदा. "रात्री कशाला, सकाळी एकदम काढते" असं केलं की आठवड्यात दूध आटायला लागतं. हात धुवा. अंगठा वर आणि बोटं खाली, स्तनाग्रापासून सुमारे ४ सेंटीमीटर मागे. आधी छातीकडे दाबा, मग अंगठा आणि बोट एकमेकांकडे, मग सोडा. कातडीवर बोटं घसरवू नका आणि स्तनाग्र पिळू नका. त्यातून दूध येत नाही, जखम होते. पहिली दोन मिनिटं फक्त थेंब येतात. तिथेच बायका धीर सोडतात. एक बाजू ओसरली की दुसरी, परत पहिली, असं एकूण वीस ते तीस मिनिटं.

*ठेवणं.* उकळलेल्या झाकणाच्या भांड्यात. बाहेर चार तास, फ्रिजच्या आतल्या कप्प्यात २४ तास. दारात नाही. कोमट करायचं तर वाटी गरम पाण्यात ठेवा, गॅसवर नाही आणि मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नाही. बाळाचं उष्टं दूध परत ठेवायचं नाही.

*किती.* कार्डावर लिहिलेलं असतं. हिशेब कळावा म्हणून उदाहरण देते. बाळ १.८ किलोचं आणि दिवसाला किलोमागे १६० मिली ठरलं, तर दिवसाचं २८८ मिली. दोन-दोन तासांनी बारा वेळा पाजायचं तर एका वेळी २४ मिली. लोक काय करतात, तर सुट्टीच्या दिवशीचे २४ मिली तीन आठवडे तसेच चालू ठेवतात. बाळ २.२ किलोचं होतं आणि पितं १.८ किलोच्या मापानं. मग वजन अडतं आणि "दूध अंगी लागत नाही" असं म्हटलं जातं. प्रत्येक वजनाच्या वेळी नवं माप विचारून घ्या.

*उठवणं.* दोन तास झाले की बाळाला उठवायचं. ते मागेल याची वाट बघायची नाही. दुपटं काढा, लंगोट बदला, तळपायावर बोटं फिरवा, पाठ चोळा. टिचक्या मारू नका.

*पाजणं.* डॉक्टरांनी अंगावर पाजायला सांगितलं असेल तर आधी अंगावर, मग वरचं काढलेलं दूध बोंडल्यानं. सगळं मिळून अर्ध्या तासात आटपायचं. तास-तासभर चोखायला लावलं तर प्यायल्यापेक्षा जास्त ताकद खर्ची पडते. ही बाळं चार-पाच घोट घेऊन थांबतात, परत घेतात. ते नैसर्गिक आहे. पण तीन मिनिटांत छातीशी झोपी गेलं तर पोट भरलं असं समजू नका, बहुतेक वेळा ते दमलेलं असतं.

बोंडल्याची पद्धत :

१. बोंडलं साबणानं धुऊन दहा मिनिटं उकळलेलं. हात धुतलेले.
२. बाळ जागं, मांडीवर अर्धवट बसतं धरलेलं, मान आधारलेली. हनुवटीखाली रुमाल.
३. मोजलेलं दूध. बोंडलं काठोकाठ भरू नका, चोचीच्या जरा खाली.
४. चोच ओठांच्या कोपऱ्यावर टेकवा आणि थोडं कलतं करा. दोन-चार थेंब. गिळल्याचं दिसलं की पुढचं.
५. घसा हलला नाही तर थांबा. ओतायचं नाही. बाळ पितं, आपण ओतत नाही, हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणते.
६. संपल्यावर खांद्याशी उभं धरून दहा-पंधरा मिनिटं. ढेकर आली नाही तरी चालेल, उभं धरणं चुकवू नका.

> इशारा : पाजताना खोकला लागला, रंग बदलला किंवा श्वास थांबल्यासारखा वाटला तर लगेच थांबा, बाळ कुशीवर करा, तोंडातलं दूध बाहेर येऊ द्या. असं एकदा जरी झालं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

बाटली नको. तिच्यातून दूध भराभर येतं, बाळाला घोट आणि श्वास यांचा मेळ घालता येत नाही, आणि निपल नीट स्वच्छ होत नाही.

मध, साखरपाणी, गाईचं दूध, ग्राइप वॉटर, साधं पाणी, यांतलं काहीही नाही. बाळगुटीही नाही. सहाण नुसती पाण्यानं खळबळलेली असते, तिच्यावर उगाळलेलं थेट बाळाच्या आतड्यात जातं. सहा महिने आईचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब, बस. आईला दूध खरंच पुरत नसेल तर डब्याकडे वळण्याआधी कक्षात मातृदुग्ध पेढीबद्दल विचारा. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ पासून अशी पेढी आहे आणि आता इतरत्रही आहेत.

> तपासा : दिवसाला सहा ते आठ लंगोट ओले होतायत का? आठवड्याचं वजन वाढतंय का? सुरुवातीला किलोमागे दिवसाला १५ ते २० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. वजन नेहमी त्याच काट्यावर, कपडे काढून, पाजण्याआधी.

टप्पा ६ : हात, पाहुणे, आंघोळ

हात धुणं म्हणजे नळाखाली बोटं ओली करणं नव्हे. साबण, तळवे, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगट. अंगठी काढून. हिरवा चुडा काढायला बायका तयार नसतात, आणि मी आग्रहही करत नाही. बांगड्या कोपराकडे सारायच्या आणि त्यांच्याखालचं मनगटही घासायचं. घाण तिथेच बसते.

पाहुण्यांनी दारातून बघायचं. पाचवीला, बारशाला घर भरतं आणि बाळ या हातातून त्या हातात फिरतं. बारसं दोन महिन्यांनी केलं तर नाव काही पळून जात नाही. सर्दी-खोकला असलेल्यांना, अगदी सख्ख्या काकूला सुद्धा, स्पष्ट सांगा. हे काम बाळाच्या बाबांवर सोपवा, सुनेवर नको.

आंघोळ अडीच किलो वजन होईपर्यंत आणि नाळ पडेपर्यंत नाही. दार-खिडक्या लावून, कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्यानं एकेक भाग पुसायचा, लगेच कोरडा करायचा आणि झाकायचा. नाळेला काही लावायचं नाही. हळद नाही, तेल नाही, पावडर नाही. कान-नाकात तेल नको, ते फुप्फुसात उतरतं. काजळ नको. टाळूवर तेल थापून दाबणं नको. मालिशवाल्या बाईंना पुढे बोलवा, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

कावीळ उतरावी म्हणून कोवळ्या उन्हात उघडं ठेवणं हीही चूक. त्या उन्हानं कावीळ आवरत नाही आणि बाळ गारठतं, दोन्हीकडून नुकसान.

टप्पा ७ : दिवसातून तीनदा पाहणी

सकाळी, संध्याकाळी आणि रात्री झोपण्याआधी. भिंतीवर कागद लावा आणि लिहा. "ठीक होतं" असं लिहू नका, आकडे लिहा.

*ऊब :* काखेत थर्मामीटर, हात अंगाला धरून, बीप होईपर्यंत. ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट, ठीक. त्याखाली आलं तर लगेच छातीशी घ्या, पाजा आणि तासाभरानं परत मोजा. ३७.५ च्या वर गेलं तर आधी कपडे, खोली आणि ऊन बघा. एक थर काढून अर्ध्या तासानं परत मोजा.

*श्वास :* बाळ शांत असताना, पोटावरून, पूर्ण एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. ही बाळं भराभर श्वास घेतात, मग पाच-दहा सेकंद थांबतात, परत सुरू करतात. अशा अर्ध्या मिनिटाच्या हिशेबावर काहीही येऊ शकतं. ६० किंवा त्याहून जास्त आले तर लगेच दुसऱ्यांदा मोजा.

*रंग :* पांढऱ्या उजेडात ओठ आणि जीभ गुलाबी आहेत का. छाती-पोट बोटानं दाबून सोडा, पिवळं दिसतं का. तळहात-तळपाय बघा.

*जाग :* उठवल्यावर उठतं का, कालच्याइतकं पितं का.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. काल २४ मिली वीस मिनिटांत संपवणारं बाळ आज १० मिलीवर झोपी जात असेल, तर ताप नसला, श्वास बरोबर असला तरी मला ते बाळ बघायचं आहे.

आशाताई घरी येतील, रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या भेटी असतात. त्यांना हा कागद दाखवा. त्यांच्याकडे वजनकाटा आणि थर्मामीटर असतो, वापरायला सांगा.

टप्पा ८ : लगेच निघायचं कधी

यातलं एकही दिसलं तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही :

– पिणं बंद किंवा निम्म्याहून कमी. उठवूनही उठत नाही, अंग लुळं.
– तापमान ३५.५ सेल्सिअस, म्हणजे ९५.९ फॅरनहाइटच्या खाली; किंवा तासभर छातीशी धरूनही ३६.५ पर्यंत चढत नाही.
– ३८ सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा वर. किंवा कपडे कमी करूनही ३७.५ च्या खाली येत नाही.
– दोनदा मोजून श्वास ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाते, कण्हल्यासारखा आवाज.
– श्वास २० सेकंद थांबला, किंवा थांबताना ओठ निळे-पांढरे पडले.
– झटके, डोळे एकटक लागणं.
– हिरवी उलटी, पोट टम्म, शौचात रक्त.
– तळहात किंवा तळपाय पिवळे.
– नाळेभोवती लाली किंवा पू, अंगावर पुळ्या.

श्वास थांबलेला दिसला तर आधी पाठ आणि तळपाय जोरात चोळा, मान सरळ करा, आणि त्याच वेळी दुसऱ्यानं १०८ लावा.

जाताना बाळ छातीशी बांधलेलंच असू द्या. शुद्धीत असेल आणि गिळत असेल तर निघण्याआधी थोडं दूध पाजा, वाटेत साखर उतरायला नको. कार्ड आणि भिंतीवरचा कागद बरोबर घ्या. तो कागद बघून डॉक्टरांना दोन मिनिटांत जे कळतं ते अर्धा तास विचारून कळत नाही.

टप्पा ९ : चुकवायच्या नाहीत अशा तारखा

*लस* जन्मतारखेपासून मोजायची. "लवकर जन्मलंय, दोन महिने उशिरा देऊ" हे चूक. सहा आठवड्यांची लस सहाव्या आठवड्यातच.

*वाढ* मात्र सुधारित वयानं मोजायची. ३२ आठवड्यांत जन्मलेलं बाळ आठ आठवडे आधी आलं. ते चार महिन्यांचं झालं की त्याच्याकडून दोन महिन्यांच्या बाळाची अपेक्षा ठेवायची. शेजारच्या बाळाशी तुलना करणाऱ्यांना हा हिशेब ऐकवा. दोन वर्षांपर्यंत हाच धरतात.

*कान* महिन्याच्या आत तपासून व्हायला हवेत. टाळी वाजवून बघणं ही तपासणी नव्हे.

*डोळे* सर्वात घाईचे. जन्माचं वजन दोन किलोपेक्षा कमी किंवा जन्म ३४ आठवड्यांच्या आतला असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. २८ आठवड्यांच्या आत किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. पडद्यावर चुकीच्या रक्तवाहिन्या वाढल्या तर बाहेरून काहीच दिसत नाही. डोळे टपोरे, छान दिसतात आणि आत दृष्टी जात असते. वेळेत सापडलं तर लेझर किंवा इंजेक्शननं वाचवता येतं, पण उपचाराची वेळ निघाली की हातात दोन-तीन दिवसच असतात. "जरा मोठं होऊ दे, मग नेऊ" या एका वाक्यानं पूर्ण आंधळी झालेली मुलं मी पाहिली आहेत.

तपासणीला जाताना बाळ केएमसीतच न्या. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा तीन-चार तासांची तयारी ठेवा. काढलेलं दूध, बोंडलं, दोन लंगोट. तपासणीच्या तासभर आधी पाजून घ्या, लगेच आधी नको, उलटी होते. बाळ खूप रडेल, नंतर छातीशी घेतलं की थांबेल. आणि पहिल्या वेळी "सध्या ठीक आहे, दोन आठवड्यांनी या" असं सांगितलं, तर त्यातला "सध्या" ऐका. पडद्याची वाढ पुरी झाली असं डॉक्टर कार्डावर लिहीपर्यंत दर तारखेला जायचं.